‘शिडीवाले’ हे नाव बदलले त्याबाबत

जबाब देणार : मयताची मुलगी. वय ४३ वर्षे. व्यवसाय : झाडांची छाटणी व निगा. राहणार : कालव्याच्या बाजूची गल्ली, लाकडी फाटकाचे घर, तळमजला.

आज दिनांक १९ रोजी सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की –

वरील पत्त्यावर मी, माझे पती आणि माझे वडील असे तिघे राहतो. ‘तिघे’ हे सवयीने म्हटले. आता दोघे राहतो. वडिलांना घरात आणि बाहेर सगळे नाना म्हणत. त्यांचे वय ७१ होते. डोळ्याला चष्मा होता. ऐकू नीट येत असे. दारू वगैरे काही नव्हते.

छाटणीचा धंदा नानांनी माझ्या जन्माच्या आधी सुरू केला. तेव्हा ते सायकलला शिडी बांधून गल्लोगल्ली फिरत. म्हणून लोक त्यांना शिडीवाले म्हणू लागले आणि तेच धंद्याचे नाव झाले. पुढे ते दोर आणि कमरेचा पट्टा लावून चढायला शिकले. शिडी त्यांनी एका शेजाऱ्याला वापरायला दिली, ती आजतागायत परत आलेली नाही. नाव राहिले. मी वीस वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर कामाला जाते. त्यातली एकवीस वर्षे ते वर आणि मी खाली.

कामाची पद्धत विचारल्यावरून सांगते. चढणारा हातापायांनी पहिल्या मोठ्या फांदीपर्यंत जातो, दोर वरच्या बेचक्यातून घेतो आणि पट्ट्याला गाठ मारतो. मग दोरावर भार टाकण्याआधी तो खाली विचारतो, "गाठ?" खालच्याने वर बघायचे. गाठीतून दोराचे टोक वीतभर लोंबत असेल तर म्हणायचे, "पक्की." कमी असेल तर म्हणायचे, "थांब." खालून उत्तर येईपर्यंत वरचा माणूस झाड सोडत नाही. हे कुठे लिहिलेले नाही. नानांनी मला पहिल्या दिवशी सांगितले आणि पुन्हा कधी सांगावे लागले नाही.

दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या आवारात काम चालू असताना नानांनी वरून "गाठ?" असे विचारले. मी पाहिले तर टोक चार बोटे होते. मी थांब म्हटले. त्यांनी गाठ सोडून पुन्हा मारली. पुन्हा चार बोटेच. तिसऱ्यांदा मारताना त्यांचा उजवा हात हलताना मला खालून दिसला. मी म्हटले, "नाना, खाली या, चहा घेऊ." ते खाली आले. चहा घेतला नाही. मी पट्टा बांधून वर गेले आणि काम पुरे केले. त्या दिवसापासून नाना चढले नाहीत. ही गोष्ट मी पतींखेरीज कोणालाही सांगितली नाही.

त्यानंतर मी चढू लागले आणि पती खाली थांबू लागले. पण गिऱ्हाईक फोनवर म्हणे, "शिडीवाल्यांनाच पाठवा हं, मुलीला नको." एकदा मी अर्ध्या झाडावर असताना घरमालकीण बाई मला म्हणाल्या, "तुम्ही उतरा, वडील आले की बघू." मी उतरले. धंद्याचे नाव म्हणजे नाना होते, आणि नाना आता वर जाणार नव्हते. म्हणून यंदा जानेवारीत मी व पतींनी नाव बदलायचे ठरवले.

नानांना खरे कारण सांगितले नाही. मी सांगितले की लोक शिड्या विकत घ्यायला फोन करतात.

नाना म्हणाले, "किती जणांनी केले?"

"दोघांनी."

"मग दोन शिड्या ठेवू की. गिऱ्हाईक कशाला परत पाठवायचं?"

नवीन नाव ‘सावली वृक्षनिगा’ असे ठेवले. त्यावर ते म्हणाले, "दवाखाना वाटतोय. लोक खोकला घेऊन येतील." पण हरकत घेतली नाही.

गिऱ्हाईक तुटू नये म्हणून नाव एकदम बदलले नाही. टेम्पोवर आधी जुने नाव मोठे आणि नवे लहान असे लिहून घेतले. तीन महिन्यांनी नवे मोठे केले. जूनमध्ये जुने पुसले. ते पुसताना नाना पेंटरजवळ उभे होते व ‘शि’ची वेलांटी नीट निघाली नाही हे त्यांनीच दाखवून दिले. पावतीपुस्तके बदलली. जुन्या दोनशे बारा गिऱ्हाइकांना मी स्वतःच्या हाताने पत्ते घालून कार्डे पाठवली. कार्डावर नवे नाव, नवा फोन नंबर आणि खाली एक ओळ होती : ‘नाव नवे, माणसे तीच.’ ही ओळ मी सुचवली. नाना आता चढत नाहीत हे कार्डावर लिहिले नाही. लिहिले असते तर लोकांनी का ते विचारले असते. पतींनी तेव्हा एकदा म्हटले होते की लिहावे. मी म्हटले, नंतर लिहू.

जुना फोन बंद केला नाही. तो नानांकडे दिला. जुन्या नंबरावर फोन आला तर नवा नंबर सांगायचा, एवढे काम होते. ते काम त्यांनी चोख केले. सकाळी साडेसातला दाढी करून ते ओट्यावर फोन घेऊन बसत. "सावलीतून बोलतोय," असे म्हणत. समोरचा म्हणे, "शिडीवालेच ना?" तेव्हा ते म्हणत, "होतो." हे मी स्वयंपाकघरातून बऱ्याचदा ऐकले आहे. प्रत्येक फोनची तारीख व झाड ते एका वहीत लिहीत. वही मी आज हजर केली आहे. सहा महिन्यांत एकही गिऱ्हाईक तुटले नाही.

वहीत दिनांक १५ ची नोंद नाही. त्या दिवशी जुन्या नंबरावर ग्रंथपाल बाईंचा फोन आला होता असे बाईंनीच मला दवाखान्यात सांगितले व आज इथेही सांगितले. या बाई वाचनालयातून निवृत्त झालेल्या असून एकट्या राहतात. त्यांच्या अंगणात अक्रोडाचे मोठे झाड आहे. ते झाड नाना तीस वर्षे छाटत होते. छपरावर आलेली एक वाळकी फांदी काढायची होती. बाईंनी विचारले, "कार्ड मिळालं. पण तुम्हीच येणार ना, की दुसरं कोणी?"

नाना म्हणाले, "कार्डावर काय लिहिलंय?"

बाईंनी ओळ वाचून दाखवली.

नाना म्हणाले, "मग झालं की."

दिनांक १७ रोजी, मंगळवारी, मी व पती सकाळी सातलाच टेम्पो घेऊन दुसऱ्या कामावर गेलो. नाना म्हणाले होते की ते चष्म्याची दांडी दुरुस्त करायला बाजारात जाणार आहेत. मी म्हटले, "ऊन व्हायच्या आत या." ते म्हणाले, "बरं." यापेक्षा जास्त बोलणे झाले नाही. त्यांचा जुना दोर व पट्टा मागच्या खोलीत खुंटीला असे. निकामी दोर तुकडे करून टाकायचा, कोणी चुकून वापरू नये म्हणून, अशीही आमची रीत आहे. तो दोर निकामी नव्हता. नुसता वापरात नव्हता. मी तो तसाच राहू दिला.

पुढचे मी पाहिलेले नाही. बाईंनी सांगितले ते सांगते. नाना नऊच्या सुमारास बसने आले. पाणी प्यायले. झाडाभोवती दोन चकरा मारल्या व बुंध्याला हात लावून म्हणाले, "जाड झालास." बाईंनी विचारले, "आज मुलगी नाही आली?" ते म्हणाले, "तिची आज दुसरीकडे ड्यूटी." मग ते चढले. हळू चढले, पण चढताना अडखळले नाहीत. वर गेल्यावर त्यांनी दोर बांधला आणि खाली बघून विचारले, "गाठ?"

बाईंना वाटले, दोर बांधून झाला असे ते सांगत आहेत. त्या म्हणाल्या, "हो, हो."

नानांनी पुन्हा विचारले, "गाठ?" आणि थांबले. बराच वेळ थांबले असे बाई म्हणतात. मग बाईंनी हात वर करून सांगितले, "हो नाना, छान आहे."

त्यावर त्यांनी झाड सोडले. वेळ साधारण दहा वाजून पाच मिनिटे.

दोर तुटलेला नाही. गाठ सुटलेली आहे. पंचांनी दोर दाखवला तेव्हा मी तो ओळखला.

मला पावणेअकराला फोन आला. तो नानांच्या फोनवरून आला होता म्हणून मी उचलून म्हटले, "नाना, झाला का चष्मा?" पलीकडे बाई होत्या. आम्ही दवाखान्यात पोहोचलो तेव्हा डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले. चष्मा त्यांच्या खिशात होता. दांडी मोडलेलीच होती.

माझा कोणावर संशय आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की नाही.

साहेबांनी मला समजावून सांगितले की नाना आमच्या धंद्याचे माणूस नव्हते, आपल्या मनाने गेले, असे असेल तर त्यांना कामाला बोलावून वर चढवल्याची जबाबदारी बाईंवर येते. ते आमच्या धंद्याचे माणूस म्हणून गेले असतील, तर जबाबदारी धंदा चालवणारी म्हणून माझ्यावर येते व आमचा परवानाही जाऊ शकतो. विचार करायला मला वेळ दिला. मी बाहेर व्हरांड्यात गेले.

तिथे पती म्हणाले, "दोन वर्षं नाना चढले नव्हते, एवढंच सांग. खोटं कुठे आहे त्यात?" ते खोटे नाही. पती म्हणाले, "धंदा गेला तर ह्या वयात कुठे जायचं आपण? नानांना तरी आवडलं असतं का?"

ग्रंथपाल बाई बाकावर बसल्या होत्या. परवापासून त्या जेवल्या नाहीत असे त्यांच्या शेजारणीने सांगितले. त्या मला म्हणाल्या, "अगं, त्यांनी दोनदा विचारलं. मला काय म्हणायचं असतं ते सांग ना." मी त्यांना सांगितले. टोक वीतभर असेल तर पक्की, नाहीतर थांब. त्यांनी ते दोन्ही शब्द एकदा म्हणून पाहिले.

विचार करून सांगते की बाईंचा यात दोष नाही. नानांचा हात हलतो हे त्यांना माहीत नव्हते. दोनशे बारा घरांपैकी कोणालाच माहीत नव्हते, कारण मी ते कळू दिले नाही. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून. ‘माणसे तीच’ असे मी लिहून कळवले होते, त्यात नाना येतात. दिनांक १७ रोजी ते आमच्या धंद्याचे माणूस म्हणून, ठरलेल्या कामावर गेले होते. खाली एक माणूस द्यायला हवे होते. ते मी दिले नाही.

हे लिहिल्याने काय होऊ शकते ते साहेबांनी मला पुन्हा एकदा सांगितले. मला ते समजले आहे.

लिहिलेले सगळे मला सावकाश वाचून दाखवले. मी सांगितले तसेच लिहिले आहे. फक्त मयताच्या माहितीत व्यवसायापुढे ‘काही नाही, घरीच’ असे लिहिलेले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून तिथे ‘झाडांची छाटणी’ असे लिहिले. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे.