आधी लावून बघायचा, मग पाठवायचा

सन्माननीय अध्यक्ष महोदय. परदेशी पार्सलांच्या खिडकीवर बसून ज्यांनी आम्हाला इतकी वर्षं सोसलं आणि आज प्रमुख पाहुण्या म्हणून आवर्जून आल्या, त्या टपाल कचेरीतल्या बाई. कालच कामावरून निवृत्त झालेले आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे माझे सख्खे काका. पहिल्या रांगेत बसा म्हटलं तरी खांबामागची खुर्ची धरून बसलेल्या आमच्या काकू. कारखान्यातले माझे सगळे सोबती, आणि जमलेल्या सुहृदांनो,

आजच्या भाषणासाठी काकांनी मला दोन अटी घातल्या आहेत. रडायचं नाही, आणि कौतुक करायचं नाही. दुसरी मी मोडणार आहे. पहिलीचं काय होतं ते बघू. मी विचारलं, "आणि ती गोष्ट सांगू का, काका?" तर म्हणाले, "ती सांगच. नाहीतर लोकांना वाटेल, मी कोणी देवमाणूस होतो."

तेव्हा परवानगी आहे, हे मी सुरुवातीलाच नमूद करते.

आमचा कारखाना म्हणजे काय, हे इथे बहुतेकांना माहीत आहे. कागदाच्या शेड आम्ही बनवतो, दिव्यावर घालायच्या. जाड कागद, त्यावर रोगणाचा हात, वरखाली तारेची कडी. बाबांनी आणि काकांनी मिळून हे काम सुरू केलं. बाबा बोलायचे आणि काका बनवायचे, अशी वाटणी होती. बाबांच्या बोलण्यावर माल परदेशी जायला लागला, आणि काकांच्या हातामुळे तिकडून पुन्हा मागणी यायला लागली. आमच्याकडे मागच्या बाजूला एक खोली आहे, खिडक्यांना काळं कापड लावलेली. तयार झालेली प्रत्येक शेड त्या खोलीत जायची. बाबा बटण दाबायचे, काका शेडभोवती एक चक्कर मारायचे. कुठे गोंदाचा डाग आहे का, कागदाला टाचणीएवढं भोक आहे का, बघायचे आणि म्हणायचे, "चालेल." एवढंच. 'सुंदर' नाही, 'छान' नाही. ते "चालेल" आलं की मगच शेड खोक्यात जायची. आधी लावून बघायचा, मग पाठवायचा, हा आमच्या घरातला नियम होता. बाबा गेल्यावर काका स्वतःच बटण दाबायचे, स्वतःच चक्कर मारायचे, आणि त्या रिकाम्या खोलीत "चालेल" मात्र मोठ्यानं म्हणायचे. बाहेर आम्हाला ऐकू यायचं.

आता टपालाकडे येते. बाई हसताहेत, कारण त्यांना पुढचं पाठ आहे.

शेड वजनाला काहीच नसते, फुंकर मारली तर हलेल. पण खोका केवढा! आणि परदेशी पार्सलाचे दर असे बदलले, की वजनाला कोणी विचारेना. खोक्याची लांबी, रुंदी, उंची मोजून आकार घ्यायला लागले. मी खिडकीवर भांडले. बाईंनी शांतपणे टेप गुंडाळली आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही दिवे कमी आणि हवा जास्त पाठवताय. हवेचे पैसे मी कसे सोडू?" मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. तिकडच्या गिऱ्हाइकाला शेडपेक्षा टपाल महाग पडायला लागलं. माणसं शेड पसंत करायची, पत्ता लिहायची, टपालाचा आकडा बघायची आणि निघून जायची. आम्ही एकात एक शेड घालून पाहिल्या, तर आतली चेपून पोचली. पातळ पुठ्ठ्याचा खोका केला, तर दोन्ही चेपून पोचल्या. शेवटी चिकटकामाच्या टेबलावरच्या दोघींना "काही दिवस घरी थांबा" असं मला सांगावं लागलं. त्या दोघी आज इथे आहेत.

बाईंच्या खिडकीवर एक फळी असते, तिला एक फट. पाकीट त्या फटीतून सरकलं तर पत्राच्या दरानं जातं, अडलं तर पार्सलाच्या. मी तशीच फळी करून कारखान्यात आणली आणि टेबलावर उभी केली. मग काय, जो येईल तो काहीतरी त्या फटीतून घालून बघायचा. कोणी डबा घालायचं, कोणी चप्पल. आमच्या गोंदवाल्या ताईंनी तर हिशेबनिसांना सांगितलं, "तुम्ही जाल बघा आरपार, जेवत चला जरा."

त्या फटीतून जाईल अशी शेड म्हणजे घडीची शेड. सपाट पाठवायची, तिकडे गिऱ्हाइकानं उघडायची, कडी अडकवायची, दिव्यावर ठेवायची. मी नमुना केला आणि काकांपुढे नेला. त्यांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि एकच प्रश्न विचारला.

"हा लावून कोण बघणार?"

मी म्हटलं, "ज्यानं विकत घेतला, तो."

"म्हणजे आपण न बघितलेला दिवा पाठवायचा?"

मी म्हटलं, "काका, नाहीतर पाठवायलाच काही उरणार नाही."

त्यांनी नमुना माझ्यापुढे ठेवला आणि ते निघून गेले. त्या दिवसापासून आमचा अबोला. घरी काकूंमार्फत निरोप जायचे. "तिला विचार, चहा हवा का." मी समोरच बसलेली असायचे! काकू, तुम्ही त्या वेळी जे सोसलंत, त्यासाठी खरं तर आजची शाल तुम्हालाच द्यायला हवी होती.

घडीच्या शेड निघाल्या. फटीतून अलगद गेल्या. टपालाचा खर्च इतका खाली आला, की बाईंनी मला स्वतःहून पाणी विचारलं. आणि मग तिकडून तक्रारी यायला लागल्या. शेडला तडे. बरोबर घडीवर तडे. फोटोमागून फोटो. मी कागदवाल्याला धारेवर धरलं. रोगण बदललं. गोंदवाल्या ताईंना नाही नाही ते बोलले, त्या रडल्या. माल परत, पैसे परत. आणखी एक अशी खेप गेली असती तर दाराला कुलूपच होतं.

तेव्हा काका माझ्या टेबलापाशी आले. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलले. म्हणाले, "कागदाला बोलू नकोस, त्या पोरीलाही बोलू नकोस. मीच करत होतो."

तुम्ही सगळे जेवायला बसायचा ना, तेव्हा काका मागच्या खोलीत जायचे. पाठवायच्या शेड एकेक करून उघडायचे, कडी अडकवायचे, दिवा लावायचे, चक्कर मारायचे. मग पुन्हा तशीच घडी घालून पाकिटात ठेवायचे. इतक्या सफाईनं, की कोणाला पत्ता लागला नाही. पण दिव्याची ऊब लागली की रोगण कडक होतं. कडक झाल्यावर परत घडी घातली की ते आतून तुटतं, आणि तिकडे उघडलं की तडा. आमच्या शेड ज्या मायेनं बघितल्या जात होत्या, त्या मायेनंच मोडत होत्या.

मला राग यायला हवा होता. मला बाबांच्या बटणाचा आवाज आठवला, आणि त्यामागून येणारं ते "चालेल".

काका वळले, मागच्या खोलीत गेले, बल्ब काढून आणला आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. म्हणाले, "ठेव. मला सापडेल असा ठेवू नकोस."

मंडळी, त्यानंतर इतकी वर्षं काका घड्या घालण्याच्या टेबलावर बसले. रोगण ओलसर असतानाच घडीची रेघ कुठे पाडायची, हात किती दाबायचा, हे त्यांनी बसवून दिलं. एकही तडा गेला नाही. त्या दोघी कामावर परत आल्या, आणखी काही जणी आल्या. हा सगळा व्याप उभा आहे तो त्या घड्यांवर. पण काकांनी त्यातली एकही शेड लागलेली पाहिलेली नाही. गिऱ्हाइकं फोटो पाठवतात, मी दाखवायला जायचे, तर म्हणायचे, "फोटोत काय दिसतंय, राहू दे." आपण इतकी वर्षं जे केलं ते बघायचंच नाही, हे एखाद्या माणसाला कसं जमतं? मला जमलं नसतं. ही गोष्ट मी त्यांना कधी बोलून दाखवली नाही. आज सगळ्यांच्या देखत सांगते. काका, तुम्ही माझ्यासाठी सोडलंत ते फार मोठं होतं, आणि ते मला रोज कळत होतं.

पहिली अट मोडली. असो.

अध्यक्ष महोदयांचे, बाईंचे, हे सभागृह देणाऱ्यांचे आणि हातातलं काम टाकून आलेल्या तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानते. बोलण्याच्या भरात कोणाचा उल्लेख राहिला असेल, गोंदवाल्या ताईंना त्या वेळी बोलले तसं कोणाला लागेलसं बोलून गेले असेन, तर लहान समजून पोटात घाला.

आता एकच. काका, तुमच्यासमोर ते पाकीट आहे. काल तुम्हीच शेवटची घडी घातलीत, ती ही शेड. हिच्यावर पत्ता नाही. ही कुठे जायची नाही, तुमच्या घरी राहायची आहे, म्हणून हिला परत घडी पडणार नाही आणि तडाही जाणार नाही. उघडा. सावकाश. कडी कशी अडकवायची, ते मी तुम्हाला काय सांगणार? आणि हा बल्ब. तोच आहे. लागतो, मी सकाळी बघून ठेवलाय.

कोणीतरी सभागृहातले दिवे बंद करा.

बटण माझ्या हातात आहे, काका. बाबा धरायचे तसं. तुम्ही चक्कर मारा, आणि काय ते सांगा.