सात नंबरचा चार्ट

कोंडिबा : एखाद्या इषयात राहिली असती तर म्या आलोच नसतो, बाई. पन ही समद्यात पास हाय. ही बघा मार्कलिस्ट. दोन-दोन इषय राहिलेल्या पोरी दुसऱ्या वर्षाला चालल्या, आन् माझी मंगल तेवढी पयल्यातच?

नलूबाई : बसा आधी, कोंडिबाभाऊ. हिर्डोशीहून आलात, पाणी तरी घ्या.

कोंडिबा : पानी ऱ्हाऊ द्या. आदी सांगा.

नलूबाई : लेखी विषय राहिला तर आमच्याकडे पुढच्या वर्षात बसून तो सोडवता येतो. वॉर्डातल्या कामाचा शेरा मात्र चांगलाच लागतो. नर्सिंगला तो वाईट असला की मुलगी पुढे जात नाही.

कोंडिबा : आन् त्यो शेरा कुनी लिवला?

नलूबाई : मी.

कोंडिबा : तुमी? प्रवेशाच्या वक्ताला तुमीच म्हनला हुता, इंग्रजीत काठावर हाय, पन मानसाशी नीट बोलती, घेते हिला.

नलूबाई : म्हटलं होतं. अजूनही तसंच वाटतं मला. मंगलनं काय सांगितलं तुम्हाला?

कोंडिबा : फोनवर नुस्ती म्हनली, वर्ष परत करायचं. आन् रडली. बाई, हिचं लगीन ठरलंय, नसरापूरला. पाव्हनं म्हनले, तीन वर्सं थांबतो, शिकू द्या पोरीला. चौथं काय थांबायचे न्हाईत. तसं तोंडावर बोललेत.

नलूबाई : ती बाहेरच उभी आहे. तिच्या तोंडूनच ऐका. मंगल, आत ये.

(मंगल आत येते. बापाशेजारची खुर्ची रिकामी असून उभीच राहते.)

कोंडिबा : कुनी तरास दिला का गं तुला? घाबरू नगंस, म्या हाय.

मंगल : न्हाई अण्णा. चूक माझीच आहे.

कोंडिबा : कसली चूक?

मंगल : वॉर्डात दर चार तासांनी पेशंटचा ताप, नाडी, बीपी बघायचं आणि खाटेच्या चार्टवर लिवायचं असतं. त्या दुपारी दोघी जणी रजेवर होत्या. माझ्याकडं बारा पेशंट आले. नऊ जणांचं बघितलं. तिघांचं न बघताच लिवलं.

कोंडिबा : न बघता कसं लिवायचं?

मंगल : सकाळी होतं तेच. थोडं इकडं-तिकडं करून.

कोंडिबा : येवढ्यावरनं वर्ष बुडवत्यात?

मंगल : सात नंबरच्या खाटेवर सारोळ्याच्या आजी होत्या. त्यांना तवाच ताप चढत होता, माझ्या कागदावर न्हवता. डॉक्टर कागद बघून पुढं गेले. पुढच्या पाळीची सिस्टर आली तवर आजी बरळायला लागलेल्या.

कोंडिबा : गेली?

मंगल : न्हाई. पुण्याला नेलं. अकरा दिवस आयसीयूत होत्या. आता घरी आहेत, पण धरून धरून चालत्यात.

कोंडिबा : वाचली न्हवं! मंग? कुनी चुगली केली तुझी?

नलूबाई : कुणी नाही, कोंडिबाभाऊ. आम्हाला वाटलं होतं ताप नंतर एकाएकी चढला. पंधरा दिवसांनी हीच माझ्याकडे आली.

कोंडिबा : सोताहून? येड लागलं हुतं का तुला, मंगल?

मंगल : त्यांची लेक भेटली मला. हात धरून म्हणाली, तुम्ही पोरी येळच्या येळी बघत होता म्हणून आमची आई वाचली. वॉर्डातल्या पोरींसाठी सीताफळं आणली होती तिनं. सगळ्यांनी खाल्ली. मी तशीच उठून मॅडमकडं गेले, अण्णा.

कोंडिबा : बाई, म्हंजी जी बोलली ती मागं, आन् गप बसल्या त्या पुढं? आसं लिवनारी ही एकटीच हाय का?

नलूबाई : एकटी नसणार.

कोंडिबा : मंग ह्यो कुठला न्याव?

नलूबाई : हिला अडवलं की बाकीच्या शिकतात, बोलायचं नाही. हिला सोडलं की शिकतात, कबूल केलं की भागतं. मी आठ दिवस शेरा लिहिलाच नव्हता. मग एकदा सात नंबरपाशी जाऊन उभी राहिले, आणि आल्यावर लिहिला.

कोंडिबा : बदलता येतो?

नलूबाई : खोटं कशाला सांगू? दुसऱ्या वर्षाची यादी उद्या जायची आहे. येतो.

कोंडिबा : मंग बदला, बाई. पदर पसरायला हिची आई यायला पायजे हुती, म्या हात जोडतो.

मंगल : नका बदलू.

कोंडिबा : तू गप.

मंगल : दुसऱ्या वर्षाला लहान पोरांचा वॉर्ड असतो, अण्णा. त्यांना बोलून सांगताबी येत न्हाई काय होतंय ते. आणि मला... घाई झाली की आजूनबी मनात येतं, टाकावं लिवून.

कोंडिबा : आजूनबी?

मंगल : व्हय.

नलूबाई : हे मला नव्हतं सांगितलंस.

मंगल : लाज वाटली, मॅडम.

कोंडिबा : बाई, बापाची सही लागत आसंल न्हवं?

नलूबाई : लागते. वर्ष परत करायच्या अर्जावर, इथे. पण आज केलीच पाहिजे असं नाही. घरी बोलून घ्या.

कोंडिबा : घरी बोलत बसलो तर म्या करनार न्हाई. द्या पेन.

मंगल : अण्णा, पाव्हण्यांना काय सांगशीला?

कोंडिबा : झालं ते सांगंन. त्येंच्याबी घरात म्हातारी मानसं हायती.