ताई समुपदेशक नव्हत्या

जय भीम. नमस्कार.

मागे दारात जे उभे आहेत त्यांनी कृपया आत या. पुढे सतरंजीवर जागा आहे. ताई असत्या तर त्यांनी आधी तुम्हाला बसवलं असतं आणि मगच सभा सुरू करू दिली असती.

मी मनीषा. लोणी काळभोरची. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणजे मानसिक आजार असलेल्या माणसांबरोबर काम करण्याची रीतसर नोंदणी माझ्याकडे आहे. ती शालिनीताई वाघमारे यांच्यामुळे आहे. ताई हृदयविकाराच्या झटक्याने गेल्या त्याला आज नऊ दिवस झाले, आणि अजून फोन वाजला की मला त्यांचाच वाटतो. इथे उभं राहून बोलता येईल अशी सकाळपर्यंत मला खात्री नव्हती. पण माझ्याआधी जे बोलले त्यांनी काम सोपं केलं. मला राग आला. आणि राग आला की मला बोलता येतं, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे.

मित्रहो, माझ्यामागे हा फ्लेक्स आहे. ताईंचा फोटो, आणि खाली लिहिलंय, ‘ज्येष्ठ समुपदेशक’. आत्तापर्यंत चार वक्ते बोलले. चौघांनीही ताईंना थोर समुपदेशक म्हटलं. एकांनी तर डॉक्टरही करून टाकलं.

ताई समुपदेशक नव्हत्या.

पुन्हा सांगते. ताई समुपदेशक नव्हत्या. कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात त्या प्रयोगशाळा सहायक होत्या. चाचण्यांच्या पेट्या काढायच्या, ठोकळे मोजून परत ठेवायचे, स्टॉपवॉचचे सेल बदलायचे. बावीस वर्षं हे केलं. त्यात कमीपणा वाटावा असं काहीही नाही, त्यांना तर कधीच वाटला नाही. कुणी ‘मॅडम, तुम्ही काउन्सेलिंग करता ना?’ असं विचारलं की त्या म्हणायच्या, ‘मी पेट्या सांभाळते. तुला काय हवंय ते सांग, योग्य माणसाकडे पाठवते.’

शनिवारी सकाळी दहा वाजता, विहाराशेजारच्या वाचनालयाच्या खोलीत त्या बसायच्या. इथले निम्मे लोक त्या खोलीतून गेले आहेत. ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हिंजवडीला कंपन्या आल्या, कॉल सेंटरच्या गाड्या गल्लीत शिरायला लागल्या, आणि एकाएकी सगळ्यांना काउन्सेलर हवा झाला. कंपनीला हवा, शाळेला हवा, लग्न जुळवणाऱ्यांनासुद्धा हवा. मग कोर्स निघाले. तीन महिन्यांचे, सहा शनिवार-रविवारचे, घरबसल्याचे. मानसशास्त्रात बी.ए. केलेल्या पोरापोरींना वाटायचं, चला, झालो आपण.

ताई त्यांना काय करायला लावायच्या? माहितीपत्रक शेवटच्या पानापासून वाचायला. मोठ्याने. पहिल्या पानावरचा हसऱ्या मुलीचा फोटो बघायचा नाही. शेवटचं पान, तळाची ओळ, सगळ्यात बारीक अक्षरं. आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. पोरं लाजायची, घाईने वाचायची. ‘हा अभ्यासक्रम व्यावसायिक नोंदणीसाठी ग्राह्य नाही.’ ताई म्हणायच्या, ‘ऐकू आलं नाही. परत वाच.’

त्यानंतर लगेच मार्ग सांगायच्या असंही नाही. तीन आठवडे पायपीट करायला लावायच्या. एखाद्या मनोरुग्ण विभागातल्या नर्सला भेटून ये. एका सोशल वर्करला भेट. मतिमंद मुलांच्या शाळेत एक पूर्ण दिवस बस, आणि डबा तिथेच खा. मग ये आणि सांग, तुला यातलं काय झेपेल. कितीतरी जण परत आलेच नाहीत. ताई म्हणायच्या, ‘बरं झालं, आत्ताच कळलं.’ जे आले त्यांना मात्र ताई एकेक गोष्ट सांगायच्या: कुठली पदवी, कुठली प्रवेशपरीक्षा, नोंदणी देणाऱ्या दिल्लीच्या परिषदेची मान्यता कुठल्या विभागाला आहे आणि कुठल्याची संपली आहे. आणि शेवटी, ‘सहा वर्षं धर. पाच म्हणून सांगतील, सहा धर.’

आता माझं सांगते. हे मी याआधी चारचौघांत कधी बोललेले नाही.

मी त्या खोलीत विद्यार्थिनी म्हणून आले नव्हते. माझी पाटी होती. इथेच, बिबवेवाडीत, झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. ‘समुपदेशन केंद्र’. खाली माझं नाव, नावापुढे बी.ए., आणि एका तीन महिन्यांच्या कोर्सची चार अक्षरं. तो कोर्स कुठल्या संस्थेचा होता ते मी सांगत नाही. पहिल्या रांगेतले एक जण खाली बघतायत, तेवढं पुरे.

माझ्याकडे एक मुलगा यायचा. सॉफ्टवेअर कंपनीतला. नाव सांगणार नाही, गावही नाही. झोप नाही म्हणायचा. ऑफिसमधले लोक कॉम्प्युटरच्या पडद्यावरून आपल्याबद्दल एकमेकांना खुणा करतात म्हणायचा. मी त्याला काय सांगितलं? कामाचा ताण आहे. दीर्घ श्वास घे. आठ आठवडे मी त्याला श्वास घ्यायला शिकवत होते! आठ आठवडे त्याचा आजार वाढत होता, आणि तो माझ्यावर विश्वास ठेवून दर मंगळवारी वेळेवर यायचा. नवव्या मंगळवारी तो आला नाही. त्याला दवाखान्यात दाखल केलं होतं. काय झालं होतं ते त्याचं आहे, मी सांगणार नाही. वाचला, एवढं सांगते.

त्याची आई ताईंच्या बिल्डिंगमध्ये राहायची. दोन दिवसांनी ताई जिना चढून वर आल्या. आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो. मला वाटलं, शिव्या घालायला आल्या. त्यांनी पाणी मागितलं. प्यायल्या. मग विचारलं, ‘त्याला डॉक्टरकडे पाठवावं असं तुला कितव्या आठवड्यात वाटलं?’

मी म्हटलं, ‘वाटलंच नाही.’

‘का?’

‘मला ते शिकवलंच नव्हतं.’

‘मग पाटी कशाला लावलीस?’

मी रडायला लागले. ताईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, ‘स्टूल आहे का?’ खालच्या दुकानातून स्टूल आणलं. मी वर चढले, पाटी काढली. ताईंनी स्टूल धरून ठेवलं होतं. उतरल्यावर म्हणाल्या, ‘शनिवारी दहाला ये. येताना ते माहितीपत्रक आण.’

वाचलं मी ते. शेवटचं पान. सगळ्यांसमोर. तीनदा वाचायला लावलं.

घरी काय झालं असेल, विचार करा. माझी आई म्हणाली, ‘चांगलं चाललंय तर बंद कशापायी करतीस? येडी हाय का तू? आनि शिकायचं म्हंजी किती शिकायचं?’ ताई बसने लोणीला आल्या. आईने चहा दिला, पण चेहरा असा केला होता की चहा गोड लागू नये. ताईंनी गोठ्याकडे बघितलं. म्हणाल्या, ‘गाय आजारी पडली तर कुणाला बोलावता?’

‘डाक्टरला.’

‘शेजारचा मुलगा चालणार नाही? हुशार आहे, बोलतोही गोड.’

‘त्याला काय कळतंय गाईतलं?’

ताई चहा प्यायल्या. आईने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, ‘किती वर्सं?’ ताई म्हणाल्या, ‘सहा.’ सातवं वर्ष लागलं. प्रवेशपरीक्षेत मी दोनदा नापास झाले, आणि दोन्ही वेळा ताईंनी एक शब्द सहानुभूतीचा उच्चारला नाही. ‘पुढचा फॉर्म कधी निघतोय?’ एवढंच. मग मान्यता असलेल्या विभागात दोन वर्षं रुग्णालयात राहून शिकले. आठ आठवडे मी ज्याला ताण म्हणत होते त्याला काय म्हणतात, ते तिथे पहिल्याच महिन्यात कळलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

एकदा मी ताईंना विचारलं, तुम्ही का नाही केलं हे शिक्षण? त्या म्हणाल्या, ‘मीही बी.ए. आहे. मानसशास्त्र. फर्स्ट क्लास. पुढे काय असतं हे मला कुणी सांगितलंच नाही. आमच्या घरात बी.ए. होणारी मी पहिली, विचारायचं कुणाला? कळलं तेव्हा पंचेचाळिशी आली होती.’ आणि मग पेटीतले ठोकळे मोजायला लागल्या. सोळा असतात. त्या दिवशी दोनदा मोजले.

त्यांना व्हायचं होतं, मित्रहो. मनापासून व्हायचं होतं. बावीस वर्षं त्या पेट्यांमध्ये राहून त्यांना आपल्यापैकी पुष्कळांपेक्षा जास्त कळत होतं. तरी कुणी त्या खोलीत रडायला लागलं तर त्या पाणी द्यायच्या, योग्य माणसाला फोन लावायच्या, आणि ते माणूस येईपर्यंत शेजारी बसायच्या. म्हणायच्या, ‘मी नुसती बसलेय. याला काही नाव देऊ नका.’ जे नाव स्वतःला लावायचा मोह त्यांनी जन्मभर टाळला, ते तुम्ही त्या गेल्यावर नवव्या दिवशी फ्लेक्सवर छापता?

आणि आता मुद्द्यावर येते. कोर्स चालवणाऱ्या संस्थेचे संचालक महोदय, आपण वीस मिनिटांपूर्वी याच माइकवरून जाहीर केलंत. ताईंच्या स्मरणार्थ, ताईंच्या नावाने, ताईंच्याच शनिवारच्या खोलीत, तीन महिन्यांचा ‘प्रमाणित समुपदेशक’ कोर्स. टाळ्याही झाल्या. शोकसभेत टाळ्या! ताईंचे यजमान, मधुकरकाका, यांनी नावाला संमती दिल्याचं पत्र आपण खिशातून काढून दाखवलंत.

काकांना मी दोष देत नाही. आठव्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं, कुणी येऊन म्हणतं की वहिनींचं नाव अमर करतो. कोण सही करणार नाही?

सभेआधी चहाच्या वेळी आपण मला समजावलंत. म्हणालात, ‘मॅडम, गरज केवढी मोठी आहे. तुम्ही नोंदणीवाले मूठभर. काहीच नसण्यापेक्षा आमची मुलं बरी.’ गरज मोठी आहे, अगदी खरं. माझ्या दवाखान्यात दीड महिन्याची वाट बघावी लागते, मला त्याची लाज वाटते. म्हणून मी म्हटलं, तीन महिन्यांत एवढंच शिकवा की आजार ओळखायचा कसा आणि कुणाकडे पाठवायचं. समुपदेशक हा शब्द काढून टाका. आणि नोंदणी मिळणार नाही हे पहिल्या पानावर छापा. मी स्वतः येऊन फुकट शिकवीन. तेव्हा आपण काय म्हणालात? सांगू?

‘मग प्रवेश कोण घेईल?’

हे आपलेच शब्द आहेत, सर. मी ऐकून घेतले. आता सगळ्यांनी ऐकले.

कुणाला वाटेल, ही वेळ आहे का हे बोलायची? हीच आहे. उद्या जाहिरात जाईल. परवा लोणीची, हडपसरची, कुठलीतरी एक मुलगी ताईंचं नाव बघून पैसे भरेल, कारण ताईंच्या नावावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. मग ती पाटी लावेल. मग तिच्याकडे कुणीतरी दर मंगळवारी वेळेवर येईल. त्या माणसाला मी ओळखते. मी त्याला आठ आठवडे बघितलंय.

मी गप्प बसणार नाही. कोर्टात जा म्हणालात तर कोर्टात जाईन. वाचनालयाच्या समितीने खोली तुम्हाला दिली तर आम्ही पायरीवर बसू, पण शनिवारी दहा वाजता बसू. नोंदणी झालेले ताईंचे अकरा विद्यार्थी या सभागृहात आहेत, आणि ताईंचा शनिवार चालू ठेवायला अकरा जणांनी मला काल रात्रीच होकार दिलाय. पाळ्या लागल्या आहेत. येणाऱ्या शनिवारी मी आहे. ज्यांना या क्षेत्रात यायचंय त्यांनी या. कठीण आहे, लांबचं आहे, आणि आम्ही गोड बोलणार नाही.

सर, एक विनंती. विनंतीच म्हणते. ते पत्र काकांना परत द्या. आत्ता, इथे, सगळ्यांसमोर. मी थांबते.

मान हलवू नका, सर. मला दिसतंय.

बरं. मग मला... काका, तुम्ही कशाला उठताय? बसा तुम्ही. अहो कुणीतरी धरा त्यांना. नको? बोलायचंय? माइक आणू का तिकडे? हो, हो, ऐकतेय. सांगते मी सगळ्यांना.

काका म्हणतायत, ‘मी चष्मा न लावता सही केली. शालिनीने मला घरात घेतलं नसतं. ती सही माझी नाही.’

ऐकलंत?

काका उभेच आहेत. आपणही उभे राहू. दोन मिनिटं, ताईंसाठी.

जय भीम, ताई.