दवाखाना डेपो

(मालाच्या डेपोतली काचेची केबिन. बाहेर सकाळची गाडी भरणं चाललंय. आत डेपो सांभाळणारी ताई, आणि मुख्य कचेरीत आकडेमोडीच्या कामावर असलेला तिचा धाकटा भाऊ, नुकताच आलेला, घामाघूम, पण खुशीत.)

ताई: शंभर? थट्टा करायला एवढ्या लांब आलास होय रे?

धाकटा: थट्टा नाही. शंभरपैकी शंभर! तुझा डेपो बंद व्हायच्या यादीतून बाहेर.

ताई: मागच्या आठवड्यात तूच फोनवर रडकुंडीला आला होतास. साठ आलेत म्हणालास, शेवटून दुसरा नंबर, शेवटचे दोन बंद होणार. आणि आज शंभर! एवढ्यात आम्ही इथं काय दिवे लावले, ते तरी कळू दे.

धाकटा: तुम्ही काही नाही केलं, मी केलं. पाणी दे आधी.

ताई: घे. आता बोल. आणि सरळ बोल, साहेबांपुढे बोलतोस तसं नको. तुझ्या त्या पद्धतीचं नाव ऐकलं तरी माझं डोकं दुखतं.

धाकटा: अगं, सोपं आहे. डेपोत आपण घालतो काय? माणसं, जागा, गाड्या, वीज. बाहेर येतं काय? भरलेली खोकी, वेळेवर पोचलेली, न फुटता पोचलेली. कमी घालून जास्त काढतात ते डेपो म्हणजे कडेचे खुंट. त्या खुंटांवरून सगळ्यांना वेढून एक दोरी ताणायची. दोरीला टेकला तो शंभर. जो जितका आत, तितके त्याचे गुण कमी.

ताई: आणि माझा हा जुनाट डेपो? मध्ये खांब, वर गळकं छत. तो नव्या चकचकीत डेपोंशी तोलायचा? हत्ती आणि शेळी एकाच काट्यावर?

धाकटा: तिथंच तर गंमत आहे. या पद्धतीत प्रत्येकाला त्याच्या सोयीचं माप मिळतं. जो ज्यात चांगला, त्याला त्या गोष्टीचं वजन जास्त. फुटका माल सगळ्यात कमी कुणाचा? तुझा. मग तुला त्याचं भरपूर वजन दिलं.

ताई: म्हणजे पोराला विचारून प्रश्नपत्रिका काढायची.

धाकटा: हो, आणि म्हणूनच मार जोरात बसतो. आवडीच्या प्रश्नांतही नापास झाला, तर बोलायला तोंड राहत नाही. तुझे साठ असे होते, ताई. सगळे लाड करून साठ.

ताई: मग आता चाळीस आले कुठून? आभाळातून पडले?

धाकटा: माणसांतून आले. मी माणसं हजेरीवरून मोजत होतो. ते दुरुस्तीच्या टेबलावरचे अकरा जण आहेत ना, फाटकी खोकी चिकटवणारे, लेबलं लावणारे? त्यांच्यातला एकही तुझा नाही. नियुक्ती सगळ्यांची नदीवरच्या डेपोत, नाहीतर फाटकाजवळच्या. हजेरी मात्र इथं. तुझ्या डेपोला बाकीचे काय म्हणतात ते माहीत आहे ना?

ताई: दवाखाना. माहीत आहे. तोंडावर म्हणतात.

धाकटा: मग मी हजेरी सोडली आणि नियुक्ती धरली. ज्याचा माणूस त्याच्या पदरात. अकरा माणसं तुझ्यातून काढली, त्यांच्यात घातली. तू शंभर, आणि ते दोघं शंभरावरून गडगडत ऐंशीच्या खाली! साहेब म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला.

ताई: थांब. फक्त हिशेबात हलवलीस ना माणसं?

धाकटा: मी हिशेबातच हलवली. पण साहेबांनी त्या दोन्ही डेपोंना कळवलंय, मोजली तुमच्यात जातात तर कामालाही तुमच्याकडेच हवीत, परत बोलवून घ्या.

ताई: कधी कळवलं?

धाकटा: आज सकाळीच. दुपारच्या बैठकीत पक्कं होईल. ताई, काय झालं? अशी उभी काय राहिलीस? बस ना.

ताई: मी बसत नाही, तू ऊठ. ऊठ आणि काचेतून बघ. तो लेबल लावतोय ना, त्याच्या उजव्या हाताला बोटं किती ती मोज. मोजायची हौस आहे ना तुला?

धाकटा: ताई...

ताई: त्याच्या शेजारचा बघ. कमरेला पट्टा आहे. खाली पडलेली चिकटपट्टी उचलायला वाकता येत नाही त्याला, दुसरा उचलून देतो. नदीवरच्या डेपोत असं टेबल आहे?

धाकटा: नाही.

ताई: फाटकाजवळ?

धाकटा: नाही. कुठंच नाही.

ताई: मग तिथं जाऊन ही माणसं करणार काय? पोती उचलणार? आज रुजू करून घेतील, उद्या डॉक्टरपुढे उभं करतील, परवा ‘कामास अयोग्य’ असा शेरा मारून फाटकाबाहेर. कालपर्यंत ती दोघांच्या डोळ्याआड होती. आज तू एकेक डोकं त्यांच्या छातीवर नेऊन ठेवलंस. ऐंशीवर घसरलेला माणूस शंभराकडे कसा धावतो, हे मी तुला सांगायचं?

धाकटा: माझ्या हे डोक्यातच आलं नाही गं. आईची शपथ.

ताई: येईल कसं? उंटावरून शेळ्या हाकता तुम्ही लोक. मला एकदा विचारायचं तरी! बहीण आहे मी तुझी, शेजारीण नाही.

धाकटा: विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस. आणि मग या दाराला कुलूप. तुझी सगळी माणसं रस्त्यावर, हे अकरा धरून. तू पण.

ताई: का, तुझ्या त्या मापात एक रकाना वाढवता येत नव्हता? सांभाळलेली माणसं म्हणून?

धाकटा: विचारलं होतं मी. माझ्यावर रागावू नकोस, खरंच विचारलं होतं. साहेब हसले. म्हणाले, माणूस आत जातो, माल बाहेर येतो. हे उलटं धरलं तर उद्या प्रत्येक डेपो धर्मशाळा काढेल.

ताई: आणि माझा फुटका माल कमी कशामुळे आहे, हे विचारलं का कुणी? त्या टेबलामुळेच. त्यांचं काम माझ्यात धरलंस आणि त्यांना तेवढं बाहेर काढलंस. टेबल उठलं की पुढच्या खेपेला तुझ्या शंभराचे किती होतील रे?

धाकटा: ते मी पाहिलं नाही.

ताई: नाहीच पाहिलंस. खुशीत धावत आलास. मला सांगायला.

धाकटा: हो. तुला सांगायला. वाटलं, एकदा तरी आपण ताईच्या उपयोगी पडलो.

ताई: अरे, रडू नकोस. लोक काचेतून बघतात. बाबांची पाठ गेली तेव्हा तू लहान होतास, तुला नसेल आठवत...

धाकटा: सगळं आठवतं. खाटेवर बसून नखानं भिंतीचा रंग उकरायचे. आई ओरडली की दुसरी जागा धरायचे.

ताई: आठवतं ना? त्यांना कुणी नुसतं एक टेबल दिलं असतं, तर माणूस आणखी दहा वर्षं जगला असता. मी या खुर्चीवर बसले आणि पहिला फोन आला, ‘ताई, एक हलक्या कामाचा माणूस पाठवतोय, बघा जरा.’ मी म्हटलं, पाठवा. मग रीतच पडली. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. फोन यायचा आणि मागोमाग माणूस यायचा, लंगडत.

धाकटा: एक बोलू? तू चिडशील.

ताई: चिडलेलीच आहे. बोल.

धाकटा: ते दोन डेपो इतकी वर्षं शंभर कसे होते? मोडला तो तुझ्याकडे, धडधाकट तेवढे त्यांच्याकडे. त्यांना शंभर तू केलंस, ताई. आणि त्यांच्यावरून आम्ही दोरी ताणली. बाकीच्या सगळ्या डेपोंना सांगितलं, बघा, यांना एवढ्याच कामाला किती कमी माणसं लागतात, तुम्हीही कमी करा. त्यांनी केली. दोघांचं ओझं एकाच्या पाठीवर आलं. तिकडे ज्या पाठी मोडल्या, त्या तुझ्यापर्यंत पोचल्यासुद्धा नाहीत. तिथूनच घरी गेल्या.

ताई: हे तुला कधी कळलं?

धाकटा: याच आठवड्यात. साठ का आले ते शोधायला बसलो तेव्हा.

ताई: म्हणजे मी इथं ‘पाठवा’ म्हणायची, आणि तिकडे कुठंतरी...

धाकटा: तू नाही गं. ते आम्ही केलं.

ताई: गोड बोलू नकोस. आठ वर्षं मी रात्री निवांत झोपत होते, रे. वाटायचं, आपल्या हातून कुणाचं वाईट होत नाहीये.

धाकटा: ऐक. बैठक दुपारी आहे. मी आत्ता फोन करून सांगू शकतो की माझी चूक झाली, माणसं हजेरीवरूनच मोजायची. साहेब मला फाडून खातील, खाऊ देत. पण मग परत साठ.

ताई: आणि कुलूप.

धाकटा: आणि कुलूप.

ताई: म्हणजे अकरा बुडाले तर बाकीचे तरतात. ते अकरा धरून ठेवले तर सगळेच बुडतात.

धाकटा: हो. तू सांगशील तसं करतो.

ताई: वा! विहिरीत ढकलायचं आणि वरून विचारायचं, पाणी कसं आहे!

उस्ताद: येऊ का, ताई? अरे, साहेब पण आहेत. नमस्कार, नमस्कार.

ताई: या, उस्ताद. हा माझा भाऊ. हे आमचे उस्ताद. नदीवरच्या डेपोत फोर्कलिफ्ट चालवायचे.

उस्ताद: चालवायचो काय म्हणता, नाचवायचो! एके दिवशी माझाच पाय आडवा आला, नाहीतर अजून नाचवली असती. साहेब, तुमचे डोळे लाल का हो? चिकटपट्टीचा वास चढला वाटतं. आम्हाला सवय झालीये.

ताई: काय काम काढलंत, उस्ताद?

उस्ताद: काम मी कुठलं काढतोय, कामानंच मला शोधून काढलंय! नदीवरून फोन आला होता, ताई. खुद्द मोठ्यांचा. म्हणे, उद्यापासून इकडे हजर व्हा. मला आधी वाटलं, चुकून लागला. पण नाव घेऊन बोलले की माझं! मी तर समजून चाललो होतो, हे लोक आपल्याला कधीच विसरून गेले.

ताई: घरी सांगितलंत?

उस्ताद: तिला आधी सांगितलं आणि मग इकडे आलो. रडायलाच लागली. म्हणाली, बघा, मी म्हणत नव्हते, चांगल्या कारागिराची आठवण निघतेच. मी म्हटलं, बाई, रडतेस काय, इस्त्री काढ.

धाकटा: ताई, अजून वेळ आहे. फोन करू का? एकदा सांग फक्त.

उस्ताद: साहेब, तुमचं काही महत्त्वाचं चाललंय का? मी मागाहून येतो. एवढंच विचारायचं होतं, ताई, तिकडे आता बसून करायचं काम निघालं असेल, नाही का? मला उभं राहवत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यांच्या डोळ्यांदेखतच तर पाय गेला.

धाकटा: ताई.

ताई: निघालं असेल.

उस्ताद: तेच म्हटलं मी. उगाच कोण कशाला बोलावेल?

ताई: निघालं असेल हो, उस्ताद. त्याशिवाय का फोन केला त्यांनी?

धाकटा: ताई, अगं...

ताई: तू नीघ. बैठकीला उशीर होईल. शंभराचा आकडा आणलायस, तोच वाच.

धाकटा: नक्की?

ताई: नक्की म्हणायला लावू नकोस मला. जा म्हणतेय ना.

उस्ताद: तुम्हाला राग नाही ना आला, ताई? मी असा चाललो म्हणून? तुम्ही ठेवून घेतलंत म्हणून दिवस निघाले आमचे.

ताई: नाही हो. राग कसला. जेवणाची सुट्टी होईल आता, सगळ्यांबरोबर जेवून मग जा.

उस्ताद: जेवतो ना. आणि त्या खुर्चीवर माझी उशी आहे, बायकोनं शिवलेली. नेणार होतो, पण म्हटलं राहू दे इथंच. पुढचा जो कुणी येईल, त्याला लागेल.