एजंटसाठी लिहिलेलं पान

(दुपारची वेळ. ऑफिसातली काचेची खोली. टूल बनवणारा इंजिनिअर आणि ते टूल कसं वापरायचं याच्या सूचना एआय एजंटसाठी लिहिणारी, जिला सगळे ताई म्हणतात.)

ताई: चोर आहेत ते वरचे! सरळ चोर. माझी ओळ काढायला लावली आणि आता मलाच विचारतात, पानावर इशारा का नव्हता?

इंजिनिअर: ताई, हळू. काचेपलीकडून सगळे बघतायत.

ताई: बघू देत. तीन वर्षं मान मोडून पानं लिहिली, तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही.

इंजिनिअर: साहेबांनी पत्र दिलंय, ते एकदा वाचा तरी.

ताई: वाचलं. ‘सूचनांमधील माझ्या त्रुटीमुळे.’ माझ्या! खाली सहीसाठी रेघसुद्धा मारून ठेवलीय. किती काळजी!

इंजिनिअर: म्हणजे... टेक्निकली, पान तुमचंच ना. एजंटनं तेच वाचलं आणि हॉस्पिटलच्या सर्व्हरांचा अख्खा क्लस्टर उडवला.

ताई: टूल कुणाचं?

इंजिनिअर: माझं.

ताई: मशिनं काढताना डिस्कही काढायच्या, हे न विचारता चालू कुणी ठेवलं?

इंजिनिअर: तसं सांगितलं होतं. जुन्या डिस्क मागे राहतात, पसारा होतो म्हणून.

ताई: पसारा! हॉस्पिटलचे गाठींच्या तपासणीचे रिपोर्ट होते रे त्यांच्यावर. सहाशे माणसांचे. एजंटला काम काय दिलेलं, तर रिकामे क्लस्टर साफ कर. दोन दिवस कुणी हात लावला नाही, म्हणजे रिकामाच, असं धरलं त्यानं. शनिवार-रविवार होता तो!

इंजिनिअर: बॅकअप असतो खरं तर...

ताई: तोही त्याच क्लस्टरमध्ये. एका घासात दोन्ही.

इंजिनिअर: माहितीय. सोमवारपासून शोधतोय मी. काही म्हणजे काही हाती लागत नाही.

ताई: तिथल्या रेकॉर्डवाल्या बाई मला फोन करतात. पानाच्या तळाशी माझा नंबर आहे ना, अडचण आल्यास संपर्क. आज सकाळपासून सात वेळा. ओरडत नाहीत बिचाऱ्या. थोडे तरी सापडले का हो, एवढंच विचारतात. लोकांना पुन्हा बोलवावं लागणार, पुन्हा सुई टोचावी लागणार. एक आजोबा गेल्या खेपेलाच टेबलावर दगावता दगावता वाचले म्हणे.

इंजिनिअर: नका सांगू.

ताई: ऐक. मी काय लिहिलं होतं? ‘काढलेलं परत येत नाही. आधी माणसाला विचार, उत्तर येईपर्यंत थांब.’ आणि एजंट थांबायचा. शहाण्यासारखा थांबायचा.

इंजिनिअर: दिवसाला चाळीस वेळा थांबायचा, ताई. साहेबांचा फोन सारखा वाजायचा.

ताई: म्हणून म्हणाले, ओळ काढा. विचारतच बसायचं तर एजंट पाळलाय कशाला? आणि स्वतःच हसले. तूही हसलास.

इंजिनिअर: ...हसलो.

ताई: पण काढली मीच. या बोटांनी. दहा वेळा भांडायला हवं होतं, एकदा भांडले. त्यावर सही मागा, आत्ता करते.

इंजिनिअर: मग करा ना. नोकरी राहील तुमची. साहेबांनी शब्द दिलाय.

ताई: पानावर ती ओळ होती, हेच या पत्रात नाही! पानाच्या नोंदीत बघ: बदल कुणी केला, तर मी. करायला कुणी लावला, त्याला रकानाच नाही.

इंजिनिअर: तोंडीच सांगितलं होतं त्यांनी. लेखी काही नाही.

ताई: लेखी नाही. खोलीत तिघं होतो. ते, मी आणि तू.

इंजिनिअर: बायकोला आठवा महिना आहे माझ्या.

ताई: ठाऊक आहे. म्हणून तर इतके दिवस तुला काही विचारलं नाही.

इंजिनिअर: आणि बोलून काय होणार? रिपोर्ट थोडेच परत येणारेत?

ताई: नाही येणार. पण उद्या हेच पान, असंच, आणखी नऊ हॉस्पिटलांच्या एजंटांना देणार आहेत. मला त्या पानाला हात लावायची बंदी आहे.

इंजिनिअर: चार वाजता बैठक आहे.

ताई: तेच. ओळ कुणी काढायला लावली, मला विचारतील. मी साहेबांचं नाव घेईन. साहेब म्हणतील, बाई खोटं बोलते. मग सगळे तुझ्याकडे बघतील.

इंजिनिअर: ताई, तुम्ही समजून घ्या...

ताई: ताई-बिई राहू दे. तू त्या खोलीत होतास की नव्हतास?