बुडालेल्या वैमानिकाचा शोध

हसाल तुम्ही, पण मी कॉम्प्युटरवर बुडालेला माणूस शोधलाय. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बोईसरच्या खोलीत मी कॉम्प्युटरच्या खेळात आरमाराचं जुनं, दुहेरी पंखांचं लढाऊ विमान उडवायचो. जहाजावर उतरवताना ते हमखास समुद्रात जायचं.

एकदा दातिवऱ्याचे माझे मच्छीमार सासरे शेजारी बसले होते. विमान बुडालं, मी लगेच दुसरं घेतलं.

"आतला मानूस?"

"मामा, खेळ आहे हा."

"असूं दे. आदी त्याला शोद. मी दर्यात पडलो तवा दुसऱ्या बोटीवाल्यांनी जाळी सोडून मला शोदला. तुजी बायको त्याच्या नंतर जल्मली."

मी गुमान पेट्रोल संपेपर्यंत त्याच पाण्यावर घिरट्या घातल्या.

आतून सगळं ऐकत असलेली बायको चहा घेऊन आली. "सापडला का?"

सासऱ्यांकडे बघत म्हटलं, "कधीच सापडला!"