पाखरांच्या भरवशावर

"बाळाला अंगणात एकटं निजवू नकोस," असं आईनं तिला बजावलं होतं, पण तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. आज दवाखान्यात तान्हीला मांडीवर घेऊन ती नंबरची वाट पाहत बसली होती. शेजारी एक नणंद-भावजय होत्या. भावजयीच्या बाळाचे दोन्ही पाय पट्ट्यांत गुंडाळलेले होते.

"वन्सं, हा अंगणात निजला होता, तेव्हा मुंग्यांची फौज जंगलातून येताना मला दिसली होती."

"दिसली होती? मग उचललं का नाहीस त्याला?"

"पुढे इवलीइवली तपकिरी पाखरं होती ना! टिपटिप टिपत होती. म्हटलं, मुंग्यांचा फडशा पाडतील."

"म्हणजे पाखरांना दाई नेमलीस होय? अगं, ती मुंग्यांना चोचही लावत नाहीत. मुंग्यांना भिऊन जे नाकतोडे पळतात, ते टिपतात. पाखरं आली की मागोमाग मुंग्या आल्याच!"

"मला काय ठाऊक हो! मी दूध तापवायला आत गेले."

"आणि तो रडला तेव्हा?"

"वाटलं, भूक लागली असेल. म्हणून दूध निववत बसले, वन्सं."

 शेजारी ऐकत बसलेल्या तान्हीच्या आईनं तिचे पाय मुठीत घट्ट धरले.

तुमचं बाळ शेजारच्या खोलीत निजलं असेल, तर आधी उठा आणि त्याला बघून या.